वाकडा कंदील

दिवाळी जवळ आली की दोन वाक्यं हमखास कानावर येतात. एक म्हणजे "हल्ली वेळ कुठे असतो?" आणि दुसरं "पूर्वी सगळं कसं घरी व्हायचं!" पहिलं वाक्य सुनांचं, दुसरं आम्हा सासवांचं. दोन्ही खरी आहेत, पण अर्धीच.

"सगळं घरी व्हायचं" म्हणजे कोण करायचं, हे त्या वाक्यात कुठेच येत नाही. माझी आई करायची. अनारशांचे तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाळवायचे, कुटायचे, चाळायचे. चकलीची भाजणी भाजून गिरणीत रांग लावायची. शेवटी स्टोव्हपाशी बसून घाणे काढायचे. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी तिची पाठ सरळ होत नसे आणि नरकचतुर्दशीला सर्वांत आधी उठून पाणी तापवायचं तेही तिनंच. त्या दिवाळीचे गोडवे गाताना माझी तरी जीभ जरा अडखळते. म्हणून मी स्पष्टच सांगते, फराळ खुशाल विकत आणा. बचत गटातल्या बायका चांगला करतात, त्यांच्या घरात चार पैसे जातात. माझ्या घरी चकल्या आणि अनारसे कित्येक वर्षं बाहेरूनच येतात आणि कुणाचं काही बिघडलेलं नाही.

पण मंडळी, एक गोष्ट मात्र मी विकत आणू देणार नाही. ती म्हणजे आकाशकंदील.

का, ते सांगते. फराळ हे आईचं काम होतं आणि ते तिच्यावर येऊन पडलेलं असायचं. कंदील आणि किल्ला ही मुलांची कामं. ती त्यांना कुणी सांगत नसे, उलट "अभ्यास कर आधी" म्हणून ओरडाच मिळायचा. पोतं, दगड, माती जमवून किल्ला करायचा, त्यावर अळीव पेरायचे आणि कोंब येईपर्यंत सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचं. आता प्लास्टरचे तयार किल्ले मिळतात. ठेवले अंगणात की झालं. पण त्यावर काही उगवत नाही आणि वाट बघायलाही काही नसतं.

कंदिलाचंही तसंच. बुरुडाकडून कामट्या आणायच्या आणि वीतभर लांबीचे २४ सारखे तुकडे करायचे. चार-चार तुकडे दोऱ्यानं बांधून ६ चौकोन करायचे. मग एका चौकोनाचा कोपरा दुसऱ्याच्या कोपऱ्याला, असे सगळे बांधत गेलं की मध्ये आपोआप ८ त्रिकोण तयार होतात. त्रिकोणांसाठी एकही जास्तीची काडी लागत नाही! प्रत्येक काडी एका अंगानं चौकोनाची आणि दुसऱ्या अंगानं त्रिकोणाची. शाळेत फळ्यावर हे कितीही वेळा काढून दाखवलं तरी मुलांच्या चेहऱ्यावर जे उमटत नाही, ते काड्या हातात आल्यावर लगेच उमटतं. सांगाडा सुरुवातीला लुळा असतो, एका बाजूला धरावा तर दुसरीकडे कलतो. खळीनं कागद चिकटवून तो वाळला, ताणला गेला, की बऱ्यापैकी सावरतो. तरी थोडा वाकडा राहतोच. राहू दे.

हाताला काम देणं हे शिक्षणच आहे, ही गोष्ट आपल्याकडे वारंवार सांगून झाली आहे. गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत सांगितली. कोठारी आयोगानं १९६६च्या अहवालात कार्यानुभवाच्या रूपानं सांगितली. १९७७ साली ईश्वरभाई पटेल समितीनं 'समाजोपयोगी उत्पादक कार्य' असं भारदस्त नाव दिलं. २०२०च्या शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांनी १० दिवस दप्तराविना सुतार, कुंभार, माळी यांच्याबरोबर काम करावं असं आहे. इतक्या वेळा सांगावं लागतं, याचाच अर्थ आपण ऐकत नाही.

ऐकत नाही म्हणजे काय, ते दिवाळीच्या सुट्टीतल्या 'प्रकल्पा'त बघा. 'टाकाऊतून टिकाऊ वस्तू बनवा.' घरात योग्य ते टाकाऊ सापडत नाही, म्हणून दुकानातून आइस्क्रीमच्या काड्यांचं कोरं पाकीट येतं, चमचमते कागद येतात. मूल झोपलं की रात्री अकराला आई-बाबा वस्तू करायला बसतात. शाळेत सर्वांत सुबक वस्तूला शाबासकी मिळते, म्हणजे पालकांना मिळते! मूल टाळ्या वाजवतं आणि मनात पक्कं समजून जातं, की आपल्याला जे येतं ते दाखवण्यासारखं नसतं.

आमच्या सोसायटीत यंदा ठराव आला, की सगळ्या गॅलऱ्यांत एकाच रंगाचे, एकाच आकाराचे कंदील लावायचे. रस्त्यावरून इमारत छान दिसेल, फोटो चांगला येईल. वर्गणीही फार नव्हती. मी विरोध केला. एक गृहस्थ हसत म्हणाले, "आजी, कंदिलानं काय एवढं?" मी म्हटलं, "आपल्या इमारतीत शाळेत जाणारी मुलं किती आहेत? त्यांतल्या एकानं कंदील केला तर तो लावायचा कुठे?" कुणी म्हणालं, आतल्या खोलीत लावावा. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरचा चौथीतला मुलगा म्हणाला, "माझा मागच्या वर्षी आतच लावला होता. यंदा मी केलाच नाही." तो रागानं बोलला नाही, नुसती माहिती दिली. त्यानंतर थोडा वेळ कुणीच बोललं नाही. ठराव बारगळला नाही, 'ऐच्छिक' झाला. हेही काही कमी नाही.

कुणी म्हणेल, सगळ्यांनी घरी कंदील केले तर माहीमच्या कंदील गल्लीतल्या आणि पुण्याच्या बुरुड आळीतल्या लोकांनी काय करावं? रास्त प्रश्न आहे. त्यांच्याकडून कामट्या घ्या. हौस असेल तर त्यांच्या हातचा कंदील दाराशी लावा. त्यांचं कसब बघितलं की मुलाला आपल्या कामाची पायरीही कळते आणि त्या कामाचा मानही. माझं भांडण कारागिराशी नाही. घरातल्या मुलाचं काम पाहुण्यांपासून लपवण्याशी आहे.

आणि वेळेचं म्हणाल, तर दोन दुपारी पुरतात. पूर्वी मोठ्या बल्बनं कागद तापायचा, कधी पेटायचाही. आता एलईडीचा छोटा बल्ब फारसा तापत नाही, त्यामुळे तीही धास्ती उरलेली नाही. कात्री आणि सुरी तेवढी मोठ्यांनी सांभाळावी. बाकी हात मागे बांधून बसावं. हेच आपल्याला सर्वांत कठीण जातं, पण जमतं.

तेव्हा बेळगावच्या वन्सं, ठाण्याच्या जाऊबाई आणि सगळे भाचे-पुतणे, यंदा वसुबारसेच्या आधी २४ कामट्या आणा आणि त्या पोरांच्या हवाली करा. जे काय तयार होईल ते गॅलरीत, रस्त्याच्या बाजूला लावा. कोपरा खाली आला असेल तर येऊ दे. कुणी विचारलंच, "हा असा का?" तर मुलाचं नाव सांगा, मोठ्यानं सांगा, त्याला ऐकू जाईल असं.

असो. दिवाळीच्या सर्वांना मनापासून शुभेच्छा!