नफा एका वहीत, क्षय दुसऱ्या वहीत

मुंबईच्या गोवंडी भागातील लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या वसाहतींत, रेल्वे व रस्त्यांच्या प्रकल्पांसाठी उठविलेल्या हजारो श्रमजीवी कुटुंबांचे पुनर्वसन करण्यात आले. सव्वादोनशे चौरस फुटांची घरे, सात-आठ मजल्यांच्या इमारती, आणि दोन इमारतींमध्ये अंतर अवघे तीन मीटर! खालच्या मजल्यांवर भर दुपारी दिवा लावावा लागतो. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेच्या २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या दोन वसाहतींची तुलना तेथील तिसऱ्या, अधिक मोकळ्या वसाहतीशी केलेली आहे. निष्कर्ष असा की, जिथे ऊन व वारा कमी तिथे क्षयरोग अधिक. ज्या एम-पूर्व विभागात या वसाहती येतात, तो महानगरपालिकेच्या २००९ च्या मानवी विकास अहवालात शहराच्या तळाशी होता, हेही येथे ध्यानात घ्यावे.

हे घडले ते नियम मोडून नव्हे, नियमांनीच घडविले. पुनर्वसन योजनांसाठी सामासिक अंतराच्या अटी शिथिल केल्या जातात. जमिनीची जेवढी बचत होते तेवढे बांधकाम वाढते, आणि त्या बदल्यात विकासकाला विक्रीयोग्य चटईक्षेत्र किंवा हस्तांतरणीय विकास हक्क मिळतात. उलट क्षयावरील किमान सहा महिन्यांची औषधे सरकार मोफत पुरविते. म्हणजे जागेच्या बचतीचा लाभ खाजगी वहीत जमा होतो आणि त्या बचतीतून उद्भवणाऱ्या रोगाचा खर्च सार्वजनिक वहीत नावे पडतो. बुडालेली मजुरी आणि खंगलेले शरीर यांची नोंद तर कोणत्याच वहीत होत नाही. अर्थशास्त्र याला बाह्य व्यय म्हणते. साध्या मराठीत ही लूट आहे.

या दोन वह्या कधीच एकत्र उघडल्या जाऊ नयेत, अशी व्यवस्था आपल्या उच्च शिक्षणानेही करून ठेवली आहे. नगररचनेच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला रस्त्यांची रुंदी व भूवापर शिकविला जातो. रोग कसा पसरतो हे त्याला जुजबीच कळते. सार्वजनिक आरोग्याच्या विद्यार्थ्याला साथीचे गणित येते; विकास आराखडा मात्र त्याला वाचता येत नाही. परिणामी आराखड्यात ‘आरोग्य’ म्हणजे रुग्णालयासाठी राखून ठेवलेला भूखंड, एवढाच अर्थ उरतो.

या फारकतीची किंमत मुंबईने पूर्वीही मोजली आहे. १८९६ साली मांडवीत प्लेग उद्भवला. कोंदट हवा हेच रोगाचे मूळ, या समजुतीच्या प्रभावाखाली १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. त्याच वर्षी कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने प्लेग उंदरावरील पिसवांमार्फत पसरतो हे दाखविले. ट्रस्टचे रुंद रस्ते व्हायचे ते झालेच. परंतु आरंभीच्या दशकात जेवढ्या खोल्या पाडल्या तेवढ्या बांधल्या नाहीत, आणि बेघर झालेले गरीब शेजारच्या चाळींत अधिकच दाटीने कोंबले गेले. आरोग्याच्या नावाने शहर आखले गेले, पण आरोग्य मात्र गरिबांच्या वाट्याला आले नाही.

याच्या उलट उदाहरणही आपल्याजवळ आहे. मूळचे जीवशास्त्रज्ञ असलेले पॅट्रिक गेडिस यांनी १९१८ च्या इंदूर अहवालात नगररचना आणि रोगनिवारण यांचा एकत्र विचार केला. १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे अध्यासन निर्माण झाले ते त्यांच्यासाठी. १९४६ च्या भोर समितीनेही घर, पाणी व नगररचना हे आरोग्याचेच विषय मानले. आणि आपण काय केले? १९९८ साली नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापून वैद्यकीय शिक्षण इतर विद्यापीठांच्या छत्राबाहेर नेले. आज एकाच शहरातील भावी नगररचनाकार आणि भावी आरोग्याधिकारी यांचे विद्यापीठसुद्धा एक नसते!

अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील शाखेत नगररचना आणि सार्वजनिक आरोग्य या दोन पदव्यांचा संयुक्त अभ्यासक्रम आहे. स्वतंत्रपणे चार वर्षे घेणाऱ्या पदव्या तेथे तीन वर्षांत पुऱ्या होतात. हा नमुना जसाच्या तसा उचलावा असे कोणी म्हणणार नाही. भरमसाट शुल्क भरून घेतलेली दुहेरी पदवी उद्या बांधकाम कंपनीच्याच सल्लागाराच्या खुर्चीत जाऊन बसेल. म्हणून हा अभ्यासक्रम सार्वजनिक विद्यापीठांतच हवा, विद्यावेतनासह हवा, आणि पदवीनंतर काही वर्षे महानगरपालिकेत वा नगरपालिकेत सेवा करण्याचे बंधन त्याला हवे.

काही कार्यकर्ते विचारतील की, लढा जमिनीचा असताना अभ्यासक्रमाची ही मध्यमवर्गीय चर्चा कशासाठी? प्रश्न रास्त आहे. परंतु त्यात एक विसर आहे. १८४५ साली एंगल्सने इंग्लंडच्या कामगारवस्त्यांचे वर्णन लिहिले तेव्हा त्याने घराची रचना, गटारांची अवस्था आणि मृत्यूचे प्रमाण या गोष्टी एकाच मांडणीत आणल्या. १८४८ साली अप्पर सायलेशियातील टायफसची पाहणी करून आलेल्या फिरखोने औषधाबरोबर शिक्षण, स्वराज्य व आर्थिक सुधारणा यांचीही शिफारस केली. हे ज्ञान चळवळीचेच होते. विद्यापीठांनी त्याची दोन खात्यांत वाटणी केली.

‘आधी घर तर मिळू द्या, ऊन-वारा मागाहून पाहू’ हा युक्तिवादही फसवा आहे. औषध पोटात जाते, पण रोगी परतून त्याच अंधाऱ्या खोलीत झोपतो. एकदा उभी राहिलेली इमारत पिढ्यान्‌पिढ्या हलत नाही. तीन मीटरचा निर्णय कागदावर असतो तेव्हाच तो रोखावा लागतो, आणि तो रोखण्यासाठी नकाशावर बोट ठेवून ‘येथे क्षय होईल’ असे लेखी सांगणारा अधिकारी त्या टेबलाशी असावा लागतो.

पदवीने एकट्याने काही होणार नाही, हे खरेच. अशा अधिकाऱ्याचा अभिप्राय मंजुरीपूर्वी बंधनकारक करावा आणि तो जनतेस वाचावयास खुला असावा, यासाठी १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमात दुरुस्ती झाली पाहिजे. त्या दुरुस्तीची मागणी विद्यापीठे करणार नाहीत. ती वस्त्यांतून उठावी लागेल. कार्यकर्त्यांनी आपापल्या भागातील पुनर्वसन इमारतींमधील अंतर मोजावे, क्षयरोग्यांची नावे गुप्त राखून मजल्यांनुसार संख्या जमवावी आणि हे दोन्ही आकडे एकाच कागदावर मांडून पालिकेच्या दारात न्यावेत. दोन्ही वह्या एकत्र उघडल्या, म्हणजे धन कोणाचे आणि ऋण कोणाचे हे कोणालाही समजेल.