बदललेल्या ओळी

गाण्यामागील हकीकत विचारूं नये, गाणें तेवढें ऐकावें, असें म्हणणारा एक रसिकवर्ग आहे. फूल हातीं आलें असतां झाडाचीं मुळें उकरीत बसणें हा अरसिकपणा होय, असें त्याचें म्हणणें. निसर्गाच्या किंवा भक्तीच्या कवितेपुरतें हें मत आम्हांसही बव्हंशीं मान्य आहे. परंतु जें गाणें खऱ्याखुऱ्या माणसांच्या खऱ्याखुऱ्या मरणावर रचलेलें असतें, त्यास हा न्याय लावितां येईल काय? त्या माणसांस आईबाप असतात, बायकामुलें असतात. आणि तीं गाणें ऐकत असतात.

ह्या प्रश्नाचा विचार करण्यास कॅनडा देशांतील गीतकार गॉर्डन लाइटफुट ह्यांच्या गाण्यांइतकें चांगलें साधन आम्हांस दुसरें दिसत नाहीं. हे गृहस्थ १९३८ सालीं ऑंटारियो प्रांतांतील ओरिलिया ह्या लहानशा गांवीं जन्मले, आणि १ मे २०२३ रोजीं टोरांटो येथें वारले. लहानपणीं ते गांवच्या चर्चच्या गायकवृंदांत गात असत. पुढें गिटार हातीं घेऊन त्यांनीं जीं गीतें रचिलीं त्यांस तिकडे फोक-रॉक म्हणतात. म्हणजे चाल लोकगीताच्या वळणाची आणि साथ नव्या वाद्यांची. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांच्या कानांवरून हा प्रकार गेला असेल. पालकांनीं त्यास सरसकट गोंगाट समजूं नये. त्यांचीं कांहीं गाणीं स्त्रीपुरुषांच्या मत्सरावर आहेत, तीं शाळेच्या अंकांत चर्चिण्याजोगीं नाहींत. परंतु उरलेल्यांत कांहीं गाणीं आपल्या पोवाड्याच्या फार जवळचीं आहेत. घडलेली गोष्ट, स्थळकाळासह, सुरांत बांधून सांगावयाची, असा तो प्रकार.

अमेरिका व कॅनडा ह्यांच्या सीमाप्रदेशांत जीं पांच महासरोवरें आहेत त्यांत सुपीरियर हें सर्वांत मोठें. सरोवर म्हटलें म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें कमळें येतात. तेथें मात्र नोव्हेंबरच्या वादळांत समुद्राच्या तोडीच्या लाटा उठतात. एडमंड फिट्झजेरल्ड नांवाचें मालवाहू जहाज ९ नोव्हेंबर १९७५ रोजीं दुपारीं विस्कॉन्सिन राज्यांतील सुपीरियर बंदरांतून निघालें. १९५८ सालीं पाण्यांत उतरविलेलें हें जहाज ७२९ फूट लांब होतें, आणि त्याच्या पोटांत लोहखनिजाच्या गोळ्यांचा सुमारें २६,००० टन माल होता. दुसऱ्या दिवशीं वादळानें त्यास गांठलें. मागून येणाऱ्या आर्थर एम. अँडरसन ह्या जहाजास कप्तान मॅक्सॉर्ली ह्यांनीं बिनतारी यंत्रावरून कळविलें कीं, आपलें जहाज एका बाजूस कललें आहे, कठडा मोडला आहे, आणि रडार यंत्रेंही बंद पडलीं आहेत. सायंकाळीं सात वाजून दहा मिनिटांच्या सुमारास, आपण अजून तग धरून आहों, अशा अर्थाचा त्यांचा शेवटचा निरोप आला. त्यानंतर थोड्याच वेळांत जहाज रडारवरून नाहींसें झालें. व्हाइटफिश उपसागराचा आसरा अवघ्या १७ मैलांवर राहिला होता. जहाजावरील २९ माणसांपैकीं एकही वांचला नाहीं. तें जहाज दोन तुकडे होऊन ५३० फूट खोल पाण्यांत पडलें आहे.

लाइटफुट ह्यांनीं ही हकीकत न्यूजवीक साप्ताहिकांत वाचली, आणि डिसेंबर १९७५ मध्यें, म्हणजे दोन महिने होण्याच्या आंतच, त्यांचें गाणें ध्वनिमुद्रित झालें. १९७६ सालीं तें प्रसिद्ध झालें. सहा मिनिटांहून अधिक लांबीचें, ध्रुपद नसलेलें, मरणाचें गाणें! असें गाणें खपेल असें कोणा व्यापाऱ्यास वाटलें असतें? परंतु कॅनडांत तें पहिल्या क्रमांकावर गेलें, आणि अमेरिकेंत दुसऱ्या. त्या महासरोवरांत आजवर हजारों जहाजें बुडालीं आहेत; त्यांतील किती जणांचीं नांवें परदेशच्या माणसास ठाऊक आहेत? ह्या एकाचें मात्र आहे, आणि तें गाण्यामुळें.

येथें टीकाकार विचारील, दुसऱ्याच्या दुःखावर कीर्ति व पैसा मिळविणें कितपत योग्य? प्रश्न रास्त आहे. कवि हा दुःखाचा व्यापारी होऊं शकतो, हें आम्ही नाकारीत नाहीं. आमच्या मतें त्याची परीक्षा गाणें लिहितांना होत नसून, गाणें गाजल्यावर होते. ज्यांच्या घरीं मृत्यु झाला ते लोक दारीं येऊन म्हणतात, तुम्हीं लिहिलें तें तसें नव्हतें; तेव्हां तो काय करतो, ह्यावरून त्याची किंमत ठरवावी.

ह्या गाण्यांत कांहीं गोष्टी घडल्या त्याहून निराळ्या आहेत. जहाज क्लीव्हलंडला निघालें होतें असें गाणें म्हणतें. वास्तविक माल डेट्रॉइटजवळच्या झुग बेटावर उतरावयाचा होता. ह्यानें कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. वृत्तासाठीं कवीनें गांव बदललें, तर तेवढी सवलत आम्ही त्यास आनंदानें देतों. दुसरी गोष्ट डेट्रॉइटच्या खलाशांच्या चर्चची. १८४२ सालीं स्थापिलेलें हें जुनें चर्च. जहाज बुडाल्याच्या दुसऱ्या दिवशीं पहाटे तेथील धर्मोपदेशकांनीं एकट्यानें जाऊन २९ वेळां घंटा वाजविली होती. गाण्यांत त्या वास्तूस कुबट म्हटलें होतें. पुढें तेथील एका उपासकानें लाइटफुट ह्यांस सांगितलें कीं, आमचें चर्च कुबट मुळींच नाहीं. तेव्हांपासून ते तो शब्द टाकून, साधें ग्रामीण वळणाचें अशा अर्थाचा दुसरा शब्द गाऊं लागले. कोणी हंसेल कीं, एवढ्याशा शब्दाचें काय! परंतु दर रविवारीं जो मनुष्य त्या बांकांवर बसतो, त्यास विचारून पाहावें.

तिसरी गोष्ट मात्र हंसण्याची नव्हे. मूळ गाण्यांत सायंकाळीं सात वाजतां जहाजाच्या वरच्या तक्त्याचें मुख्य झांकण आंत कोसळलें, असा उल्लेख होता. कवीनें तो हवेंतून काढला नव्हता. १९७७ सालच्या तटरक्षक दलाच्या अहवालांत, झांकणें नीट बंद न राहिल्यानें मालाच्या कोठारांत पाणी शिरलें असावें, असाच निष्कर्ष निघाला. सरोवरांवरील जहाजमालकांच्या संघास तो मान्य नव्हता. जहाज आधीं उथळ जागीं खडकास घासलें असावें, असें त्यांचें म्हणणें. साक्ष देण्यास कोणी जिवंतच नसल्यानें वाद मिटला नाहीं. परंतु झांकणें बंद करण्याचें काम कोणा माणसांचें असतें. त्या माणसांच्या घरच्यांनीं पस्तीस वर्षें हें गाणें ऐकलें. आणि दर वेळीं त्या ओळीपाशीं आल्यावर आपल्याच माणसाच्या हलगर्जीनें एकोणतीस जण गेले, असा आरोप त्यांच्या कानीं पडला. मेलेल्या मनुष्यास आपली बाजू मांडतां येत नाहीं, आणि गाण्यास उलटतपासणी नसते.

२०१० सालीं एका माहितीपटानें असें दाखविलें कीं, एखाद्या प्रचंड लाटेनेंच जहाज मोडलें असावें, खलाशांचा दोष नसावा. लाइटफुट ह्यांचें वय तेव्हां सत्तरीपार होतें. गाणें जगप्रसिद्ध होतें. त्यांनीं ती ओळ गाणें बंद केलें. तिच्या जागीं काय घातलें, हें आम्हांस फार महत्त्वाचें वाटतें. लाटेची नवी उपपत्ति त्यांनीं घातली नाहीं. कारण तीही शेवटीं उपपत्तिच. सात वाजतां अंधार झाला, एवढेंच ते म्हणूं लागले. खरें पाहतां नोव्हेंबरांत तिकडे सूर्य पांचच्या सुमारासच मावळतो, तेव्हां सातला अंधार झाला हें सांगण्यांत काव्यही नाहीं आणि बातमीही नाहीं. काव्यदृष्ट्या जुनी ओळ शंभर पटींनीं सरस होती. तरी आम्ही नव्या ओळीच्या बाजूनें मत देतों. जेथें आपणांस ठाऊक नाहीं तेथें अंधार होता असें म्हणावें, ह्याहून प्रामाणिक वाक्य त्या जागीं दुसरें कोणतें बसेल, तें आम्हांस सुचत नाहीं.

ध्वनिमुद्रिकेंत जुनीच ओळ राहिली आहे, आणि लोक बहुधा तीच ऐकतात, हें खरें. तेवढ्यावरून दुरुस्ती फुकट गेली असें आम्ही मानीत नाहीं. पुढील तेरा वर्षें तो मनुष्य जेथें जेथें स्वतः उभा राहून गायिला, तेथें तेथें त्यानें आरोप परत घेतला. लाइटफुट वारल्यावर डेट्रॉइटच्या त्याच चर्चनें घंटेचे तीस ठोके दिले: एकोणतीस खलाशांचे, आणि एक त्यांचा.

घरच्या दुःखाविषयींही त्यांची वागणूक अशीच दिसते. १९७० सालीं ज्या गाण्यानें त्यांचें नांव देशाबाहेर गेलें, तें त्यांचा पहिला विवाह मोडण्याच्या सुमारास एका रिकाम्या घरांत बसून लिहिलेलें आहे. त्यांत पत्नीस उद्देशून, तुझ्या ठिकाणीं ज्या भावनेची उणीव आहे, अशा आशयाचे शब्द होते. पुढें त्यांच्या कन्येनें सुचविलें कीं, उणीव एकटीचीच कां म्हणावी? तेव्हांपासून ते तुझ्या ऐवजीं आपल्या असें गाऊं लागले. एका सर्वनामाचा फरक! व्याकरणाच्या तासाला सर्वनामें पाठ करून कंटाळणाऱ्या आमच्या मुलांनीं हा फरक अवश्य लक्षांत घ्यावा.

प्रत्येक हरकतीपुढें त्यांनीं मान तुकविली असेंही नव्हे. जुलै १९६७ मध्यें डेट्रॉइट शहरांत जो दंगा झाला आणि ज्यांत ४३ माणसें मेलीं, त्यावर त्यांनीं १९६८ सालीं गाणें काढलें. त्याच वर्षीं एप्रिलांत मार्टिन ल्यूथर किंग ह्यांचा वध झाला, आणि अमेरिकेंतील अनेक नभोवाणी केंद्रांनीं तें गाणें लावणें थांबविलें. तें त्यांनीं मागें घेतलें नाहीं. आमच्या मतें हें योग्यच झालें; अधिकाऱ्यास किंवा व्यापाऱ्यास अडचण होते ती एक गोष्ट, आणि निरपराध मनुष्यास कलंक लागतो ती दुसरी.

आतां ज्या गाण्यावर ते स्वदेशीं सर्वाधिक वाखाणले गेले, त्याविषयीं आमची तक्रार सांगणें भाग आहे. कॅनडाच्या संघराज्यास शंभर वर्षें झालीं त्या निमित्तानें तेथील सरकारी नभोवाणीनें त्यांस रेल्वेवर गीत रचण्यास सांगितलें. १ जानेवारी १९६७ रोजीं तें प्रथम सादर झालें. देशाच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत लोहमार्ग कसा गेला, हें त्यांत तीन चालींत सांगितलें आहे. गाण्यांत मालकांची स्वप्नें आहेत, तसा मजुरांचा घाम आहे, आणि रुळांखालीं पुरलेल्यांची आठवणही आहे. समारंभासाठीं मागविलेल्या गाण्यांत एवढें येणें हेंच पुष्कळ. परंतु चिनी मजूर त्यांत कोठेंही नाहींत. १८८० ते १८८५ ह्या काळांत ब्रिटिश कोलंबियाच्या डोंगरांतून तो मार्ग खणण्यास पंधरा हजारांहून अधिक चिनी माणसें लागलीं. त्यांस गोऱ्या मजुरांहून कमी मजुरी मिळे, सुरुंगाचें काम बहुधा त्यांच्याच वांट्यास येई, आणि निदान सहाशें त्यांत मेलीं. ७ नोव्हेंबर १८८५ रोजीं क्रेगेलाखी येथें शेवटचा खिळा ठोकला गेला, त्या प्रसंगाच्या प्रसिद्ध छायाचित्रांत त्यांच्यापैकीं एकही नाहीं. त्याच वर्षीं कॅनडांत येणाऱ्या चिनी मनुष्यावर दर डोई ५० डॉलर कर बसला.

ह्या कराबद्दल कॅनडाच्या सरकारनें २००६ सालीं संसदेंत जाहीर क्षमा मागितली. खलाशांचीं माणसें गाण्याच्या मैफलीस येत, गायकास भेटत. डोंगरांत मेलेल्या त्या सहाशें जणांकडून कोण येणार होतें? पुष्कळांचें कुटुंब चीनमध्येंच राहिलेलें. आमच्या संगीतशिक्षकांनीं हें रेल्वेचें गाणें एखाद्या वर्षीं मुलांकडून बसवून घ्यावें, चाल उत्तम आहे. मात्र तें म्हणावयास उभे राहण्यापूर्वीं मुलांपैकीं एकानें पुढें येऊन, ह्या रुळांवर चिनी माणसेंही खपलीं होतीं, एवढें श्रोत्यांस सांगावें.