डोंग्याला मोटर हवी, पण कुठली?

गोंदिया जिल्ह्यातल्या इटियाडोह जलाशयावर जाळी टाकणाऱ्या ढिवराने वल्ह्याऐवजी मोटर मागितली, तर ती चैन समजू नये. भरल्या जलाशयात वाऱ्याविरुद्ध डोंगा हाकताना खांदे भरून येतात आणि मासळी बाजारात पोहोचायला उशीर होतो. मामा (माजी मालगुजारी) तलावांवर आणि लहान बोड्यांवर बांबू आणि वल्हे पुरेसे आहे. तिथे मोटरीची गरजच नाही. प्रश्न आहे तो इटियाडोह, नवेगावबांध अशा मोठ्या पाण्याचा. तिथे पेट्रोलची मोटर घ्यावी की बॅटरीची?

माझे मत स्पष्ट आहे: बॅटरीची.

पेट्रोलच्या मोटरीत ताकद जास्त असते, हे खरे. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण 9 युनिट ऊर्जा असते; 12 व्होल्ट, 100 अँपिअर-तासांच्या बॅटरीत जेमतेम सव्वा युनिट. पण आपल्याकडचे काम वेगाचे नाही. जाळे सोडताना, ओढताना, गळाची दोरी पाण्यातून फिरवताना डोंगा माणसाच्या चालीने सरकला तरी पुरते. त्या चालीला बॅटरीची मोटर 15 अँपिअरच्या आसपास वीज खाते. शिशाची बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नाही, हा नियम पाळला तरी तीन तास काम निघते. तेवढी पुन्हा भरायला जेमतेम एक युनिट वीज लागते, तर लिटरभर पेट्रोलला शंभरहून जास्त रुपये मोजावे लागतात.

खरी अडचण पहिल्या खर्चाची आणि वजनाची आहे. शिशाची बॅटरी 25-30 किलोंची असते आणि काही शे वेळा भरली की थकते. लिथियम फॉस्फेटची त्याच क्षमतेची बॅटरी निम्म्याहून हलकी असते आणि दोन हजार वेळा भरली तरी टिकते, पण महाग पडते. शिवाय पाणवनस्पती दाट असतील तिथे पंखा अडकतो. मोटर कोणतीही असो, तिथे वल्हे सोबत हवेच.

तरीही बॅटरीच का? टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबर ऑइलही जळते, आणि न जळलेले इंधन थेट पाण्यात उतरते. त्याच पाण्यावर धान पिकते, गुरे पितात, ढिवरांच्या मासळीची पिल्ले वाढतात. महाराष्ट्रातले सारस आज मुख्यतः गोंदियाच्याच धानबांध्यांत आणि तलावांत उरले आहेत. इंजिनाचा धडधडाट त्यांच्या पाण्यावर नेणे परवडणारे नाही.

पैशांची वाट आहे. 2020मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्याला 40 टक्के अनुदान आहे, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्के. ढिवर समाज भटक्या जमातींत मोडतो, म्हणून पुरुषाच्या नावावर 40 टक्केच मिळतात. मासेमारीत बायका बरोबरीने राबतात. मग अर्ज त्यांच्या नावे का नको?

मच्छीमार सहकारी संस्थांनी पुढच्या सभेत तीन ठराव करावेत: मोठ्या जलाशयावर सामाईक बॅटऱ्या, त्याच्या पाळीवर सौर चार्जिंग, आणि टू-स्ट्रोक इंजिनाला बंदी. जिल्हा मत्स्यव्यवसाय कार्यालयाने हे साहित्य अनुदानाच्या प्रस्तावात बसवावे. पाण्याची राखण पिढ्यान्‌पिढ्या ढिवरांनीच केली आहे. नव्या मोटरीचा पहिला निर्णयही त्यांचाच असायला हवा.