काडीची माणसं

परवा पुण्याहून भाच्याने मोबाईलवर फोटो पाठवला. नव्या फ्लॅटच्या हॉलमधली भिंत. गेरूच्या रंगावर पांढरी माणसं हातात हात धरून गोल नाचताहेत. खाली लिहिलेलं, "मामा, वारली!" कुणी काढलं विचारलं, तर पेंटरने, स्टेन्सिल लावून, दोन तासांत. भिंत छान दिसते, वाद नाही. पण मधला तारपा वाजवणाराच गायब! मग ही मंडळी नाचताहेत कुणाभोवती? तर म्हणे मध्ये टीव्ही येणार आहे.

भाचा हे वाचणार आणि रागावणार. रागावू दे. आमच्याकडे तरी काय वेगळं? वडगाव रासाईपासून शिरूर-दौंडला जाताना शाळांच्या, कचेऱ्यांच्या भिंती बघा. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले, वर एक गोळा ठेवला, की झालं वारली. पोरांना विचारा, जिव्या सोमा म्हसे कोण? एक हात वर होणार नाही. गुरुजींचाही नाही.

हा माणूस डहाणू तालुक्यातल्या गंजाडजवळच्या कळंबीपाड्याचा. सात वर्षांचा असताना आई गेली आणि पोराचं बोलणंच थांबलं. काय हवं-नको ते धुळीत रेघा ओढून सांगायचा. सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णी त्या भागात कागद घेऊन पोचले आणि म्हशांची चित्रं बाहेर आली. 1976 साली राष्ट्रीय पुरस्कार, 1989 साली पॅरिसच्या प्रदर्शनात चित्रं, 2011 साली पद्मश्री. 2018 च्या मे महिन्यात ते गेले. त्यांचं मासेमारीच्या जाळ्याचं चित्र छापील स्वरूपात पाहिलं तरी डोळे फिरतात. बारीक बारीक रेघांनी सगळा कापड भरलेला, आणि त्यात कोपऱ्यात एवढासा माणूस.

आता अशा कलाकाराबद्दल लिहिताना आपले लोक हटकून एक शब्द वापरतात, 'स्वयंशिक्षित'. मला या शब्दाचा राग आहे. लग्नघरात तांदळाच्या पिठाने चौक लिहिणाऱ्या, त्यात पालघट देवी बसवणाऱ्या सुवासिनी पिढ्यान्‌पिढ्या हे करत आल्या. ते बघत पोर वाढलं. म्हणजे शाळा होती की हो! फक्त तिथल्या बाईंची नावं हजेरीपटावर नव्हती, म्हणून आपण म्हणायचं की हा आपला आपण शिकला.

कुणी म्हणेल, मास्तर, लोककला सगळ्यांचीच असते. बरं. मग सगळ्यांनी काढा. पण पैसे स्टेन्सिलवाल्याला, कौतुक भिंतीच्या मालकाला आणि वारल्यांना काय? दोन त्रिकोण?

मी हे तावातावाने लिहितोय खरा, पण माझंही एक देणं आहे. 1983 च्या सुमारास मी मराठीबरोबर चित्रकलेचेही तास घ्यायचो. तिसरी-चौथीचं काही घेताना एक धनगराचं पोर वर्गात असे. त्यांचा वाडा त्या हंगामात भीमेकाठी उतरला होता. 'माझे घर' काढायला सांगितलं. सगळ्यांनी कौलारू घर, डोंगर, मधून सूर्य. याने पाटीभर आडव्या-उभ्या रेघा ओढलेल्या. शेकडो मेंढरं, चार काड्यांची माणसं, एक घोडं. घर कुठेच नाही. मी पाटी वर धरली आणि म्हणालो, "ही मेंढरं का मुंग्या रे?" वर्ग हसला. पोराने पाटी घेतली, बाहीने पुसली.

दोन दिवसांनी वाडा हलला. ते तसंही हलणारच होते, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलोय. पण घर काढ म्हटल्यावर त्याने अगदी बरोबर तेच काढलं होतं, आणि तो तास चुकला होता मास्तर.

असो. गावातल्या एका भिंतीला दिवाळीनंतर नवा रंग द्यायचा घाटतोय, पुन्हा वारलीच म्हणे. मी सांगून आलोय, डहाणूकडचा कुणी रंगवणारा बोलवा, त्याचं येणं-जाणं माझ्या पेन्शनीतून देतो. अट एकच, खाली कोपऱ्यात त्याने आपलं नाव घालायचं, चांगलं ठळक. "बघू" म्हणालेत.