एक चक्की, अनेक डबे

परवा दारव्ह्याला बहिणीकडे गेलो होतो. भाचीच्या प्रवेशाच्या फॉर्मचा शेवटचा दिवस होता. झेरॉक्सच्या दुकानात दुपारपासून रांग. पडद्यावर नुसते चाक फिरत होते. दुकानदार म्हणाला, "सर्व्हर डाऊन आहे." भाचीने विचारले, "मामा, हा सर्व्हर म्हणजे काय हो? आपल्याच वेळी कसा बंद पडतो?"

प्रश्न रास्त आहे. पुष्कळ घरांत तो विचारला जातो, म्हणून आज त्याविषयी लिहितो.

सर्व्हर म्हणजे इतरांना माहिती पुरविणारा संगणक. सातबारा, परीक्षेचा निकाल आपण मागतो आणि तो पाठवितो. पूर्वी एका कामाला एक सर्व्हर अशी रीत होती. त्यातले बरेचसे दिवसभर जवळजवळ रिकामे असत. पण रिकामे यंत्रही वीज खाते, तापते आणि त्याला थंड ठेवायला आणखी वीज लागते.

आपल्या वस्तीतली आटाचक्की आठवा. प्रत्येक घराने चक्की घेतली तर ती दिवसातून दहा मिनिटेच चालेल. म्हणून चक्की एक आणि डबे अनेक. चक्कीवाला पाळी लावतो, ज्वारीत गहू मिसळू देत नाही. अगदी तसेच एका यंत्रावर अनेक 'आभासी' सर्व्हर चालतात. प्रत्येकाला वाटते, सगळे यंत्र माझेच! चक्कीवाल्याचे काम करणाऱ्या प्रोग्रामला 'हायपरव्हायजर' म्हणतात.

ही कल्पना नवी नाही. आयबीएम कंपनीने 1960 नंतरच्या दशकात ती मोठ्या संगणकांवर आणली. 1999 साली व्हीएमवेअरने ती साध्या संगणकावर आणली. 2007 साली 'केव्हीएम' लिनक्समध्ये आले, तेही फुकट. केंद्र सरकारचा 'मेघराज' आणि आपल्या राज्याचा 'महागव्ह क्लाऊड' याच तत्त्वावर उभे आहेत.

पण डबे किती घ्यायचे? खरे कसब येथे आहे. प्रोसेसर पाळीने वाटता येतो. सगळे एकाच वेळी राबत नसल्याने 16 कोअरच्या यंत्रावर 40 आभासी कोअर देता येतात. मेमरीचे तसे नाही. ती डबे ठेवायची फळी आहे. फळी भरली की उरलेले सामान डिस्कवर ठेवावे लागते. डिस्क मेमरीपेक्षा फार संथ, त्यामुळे सगळ्यांचेच काम रखडते. शिवाय यंत्रच बंद पडले तर त्यावरचे सारे सर्व्हर एकदम बसतात. म्हणून शहाणा माणूस दोन यंत्रे ठेवतो आणि कोणत्याही यंत्रावर निम्म्याहून जास्त भार टाकत नाही. एक बंद पडले तरी दुसरे सारे ओझे उचलते.

तेव्हा काटकसर म्हणजे कोंबणे नव्हे. सणाच्या आदल्या दिवशी चक्कीवर गर्दी होणार, हे चक्कीवाल्याला ठाऊक असते. शेवटच्या तारखेला मुले येणार, हे सर्व्हर चालविणाऱ्यालाही ठाऊक असले पाहिजे. तो हिशेब चुकला तर त्याचा भुर्दंड रोजी बुडवून रांगेत उभ्या राहिलेल्या आईबापांना पडतो.

भाचीचा फॉर्म रात्री साडेदहाला गेला. वाटेत ती म्हणाली, "मामा, हे काम शिकता येते का?"

येते. यवतमाळच्या तंत्रनिकेतनात किंवा पुसदच्या इंजिनीअरिंग कॉलेजात शिकणाऱ्या मुलामुलींनी हे जरूर शिकावे. महागडे यंत्र लागत नाही. 8 जीबी मेमरीचा जुना संगणक, त्यावर लिनक्स व केव्हीएम एवढे पुरे. प्रोसेसरमध्ये आभासी यंत्रांची सोय आहे का, तेवढे आधी पाहावे. मग दोन-तीन लहान सर्व्हर उभारावेत. एक मुद्दाम बंद पाडावा, बाकीचे चालू राहतात का ते बघावे. बिघडला तर पुसून नवा करावा. चुकायला पैसे पडत नाहीत.

पालकांनो, मूल संगणकासमोर बसले की 'खेळतो आहे' असे लगेच म्हणू नका. काय करतो आहेस, हे एकदा विचारा. कदाचित उद्याच्या रांगा कमी करणारा माणूस तुमच्याच घरात तयार होत असेल.