मोजक्या पाण्यावरची भाजी

घरे लहान झाली तशी परसबाग सज्जात आली आणि खिडकीच्या जाळीत विसावली. आळवाचे पान, कढीपत्त्याची डहाळी, मूठभर कोथिंबीर हाताशी असावी ही हौस मात्र कमी झाली नाही. गच्चीवर आणि सज्जात भाजी पिकवणाऱ्या कुटुंबांचे कौतुक होते आणि ते रास्तच आहे. पण या कौतुकात एक प्रश्न सहसा विचारला जात नाही. या भाजीला घातले जाणारे पाणी कोठून येते?

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी न्यावे लागले. २०१९ च्या उन्हाळ्यात चेन्नईला पाणी पुरवणारे चारही मोठे जलाशय जवळजवळ कोरडे पडले. मार्च २०२४ मध्ये बेंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळाने बागकाम, गाड्या धुणे अशा कामांसाठी पिण्याचे पाणी वापरण्यास मनाई केली आणि उल्लंघनासाठी ५,००० रुपये दंड ठरवला. दंडास पात्र ठरणाऱ्या कामांच्या यादीत बागकाम यावे, ही गोष्ट प्रत्येक बागप्रेमी नागरिकाने विचारात घ्यावी अशी आहे. शेजारची इमारत टँकरची वाट पाहत असताना कुंडीवर नळी सोडून उभे राहणे कोणालाही शोभणार नाही.

यावर उपाय भाजी लावणे सोडून देणे हा नव्हे. पाणी घालण्याची रीत बदलणे हा आहे. बाजारात ‘सेल्फ वॉटरिंग पॉट’ या नावाने मिळणारी स्वयंसिंचित कुंडी याच दृष्टीने पाहिली पाहिजे. सुट्टीत गावाला जाताना उपयोगी पडणारी सोय एवढीच तिची ओळख करून देणे अपुरे आहे. रोपाला खरोखर किती पाणी लागते, याचा हिशेब ती घरातल्या माणसाच्या डोळ्यांसमोर ठेवते.

कल्पना आपल्या ओळखीची

थोडे थोडे पाणी सतत मिळावे ही कल्पना आपल्याला परकी नाही. शंकराच्या पिंडीवरील गळती घरोघरी ठाऊक आहे. रोपाजवळ मातीचे मडके पुरून त्यातून झिरपणाऱ्या पाण्यावर वेल जगवण्याची रीतही जुनी आहे. स्वयंसिंचित कुंडीत पाण्याचा प्रवास उलटा, खालून वर होतो. समईची वात तेल वर ओढते, तशी तळाच्या साठ्यात बुडालेली वात पाणी मातीपर्यंत पोहोचवते. केरळमधील कोळिकोड येथील जलसंपदा विकास व व्यवस्थापन केंद्राने याच तत्त्वावर ग्रो बॅगांसाठी सिंचनाची पद्धत तयार केली. मल्याळममध्ये तिचे नाव ‘तिरिनन’, म्हणजे वातीने दिलेले पाणी.

वरून घातलेल्या पाण्याचा बराच भाग मुळांना न मिळता छिद्रातून वाहून जातो आणि खतातील सत्त्वही घेऊन जातो. एक दिवस कोरडा, एक दिवस चिखल, असे झाले की टोमॅटोच्या फळाचा बुडखा काळा पडून सडू लागतो. अनेकांना हा रोग वाटतो. वास्तविक, पाण्याच्या अनियमितपणामुळे फळापर्यंत कॅल्शियम पोहोचत नाही, हे त्याचे नेहमीचे कारण असते. ओलावा एकसारखा राहिला की ही तक्रार पुष्कळ कमी होते.

घरच्या घरी रचना

महागडी कुंडी विकत घेतलीच पाहिजे असे नाही. एकात एक बसणाऱ्या, स्वच्छ धुतलेल्या वीस लिटरच्या दोन बादल्या पुरतात. खालच्या बादलीत एखादे लहान भांडे पालथे घालून वरची बादली त्यावर टेकवावी, म्हणजे मधल्या जागेत पाण्याचा साठा राहील. वरच्या बादलीच्या तळाला छिद्रे पाडून त्यांतून दोन-तीन वाती खाली सोडाव्यात. सुती वात लवकर कुजते, म्हणून पॉलिएस्टरच्या जुन्या कापडाच्या पट्ट्या बऱ्या. कापड पाणी वर ओढते की नाही, हे आधी पट्टीचे एक टोक पेल्यात बुडवून पाहावे. पाणी भरण्यासाठी एक नळी कडेने तळापर्यंत न्यावी. खालच्या बादलीला, वरच्या बादलीच्या तळापेक्षा थोडे खाली, एक छिद्र अवश्य ठेवावे. त्यातून जादा पाणी बाहेर पडते, वर हवेसाठी जागा उरते आणि पावसाळ्यात मुळे बुडत नाहीत.

बागेतील चिकट माती येथे चालत नाही. ती सतत ओली राहून घट्ट बसते आणि मुळांचा श्वास कोंडते. धुतलेले कोकोपीट दोन भाग आणि चांगले कुजलेले खत एक भाग असे हलके मिश्रण वापरावे. पहिल्यांदा वरून पाणी घालून ते पूर्ण भिजवावे, एरवी वातीने ओढलेले पाणी कोरड्या मिश्रणात चढत नाही. रोप लावल्यावर मुळे खाली उतरेपर्यंत, साधारण दोन आठवडे, वरूनही थोडे पाणी द्यावे.

पालक, मेथी, कोथिंबीर यांना सात-आठ इंच खोली आणि तीन-चार तासांचे ऊन पुरते. टोमॅटो, वांगी, मिरची यांना किमान फूटभर खोली आणि सुमारे सहा तासांचे ऊन हवे. ज्या सज्जात ऊन येत नाही, तेथे कोणतीही कुंडी टोमॅटो देणार नाही.

पाण्याचा ताळेबंद

चार-पाच लिटरचा साठा पालेभाजीला आठवडाभर पुरू शकतो. फळांनी लगडलेले टोमॅटोचे झाड मात्र कडक उन्हात दिवसाला एक-दोन लिटर पाणी सहज पिते. तेव्हा साठा केव्हा संपतो, याची नोंद ठेवावी. काही आठवड्यांतच घरातील बागेची खरी गरज कळते आणि ती तांदूळ, डाळी व भाज्या धुतलेल्या पाण्यातून बरीचशी भागू शकते, हेही ध्यानात येते. हे पाणी गाळून आणि ताजे असतानाच भरावे. वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणीही चालते. जलशुद्धीकरण यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी मात्र टाळावे, कारण त्यात क्षार अधिक असतात. पाणी उडून जाते, क्षार मागे उरतात आणि मातीवर पांढरा थर धरतो. म्हणून महिन्यातून एकदा वरून भरपूर पाणी घालून माती धुऊन काढणे आवश्यक आहे. पावसाळ्यात हे काम पाऊसच करतो.

सर्वांत मोठी जबाबदारी डासांची आहे. डेंगी पसरवणारा एडिस डास घरातील स्वच्छ, साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्यातून डास तयार होतात. नळीच्या तोंडावर व जादा पाण्याच्या छिद्रावर बारीक जाळी बांधावी, दोन बादल्यांमधील फट बंद करावी आणि आठवड्यातून एकदा साठा पूर्ण रिकामा होऊ द्यावा. पालिका ‘कोरडा दिवस’ पाळण्यास सांगतात, तो कुंडीसाठीही पाळावा. एवढे जमणार नसेल, तर अशी कुंडी न ठेवणेच शेजाऱ्यांच्या हिताचे आहे. भरलेली प्रत्येक बादली वीस किलोच्या आसपास जाते. म्हणून गच्चीवर रांगा मांडण्यापूर्वी सोसायटीची संमती घ्यावी आणि वजन पेलण्याची खात्री करावी.

चार बादल्यांनी भाजीचा मासिक खर्च फारसा कमी होत नाही, हा आक्षेप खरा आहे आणि तो मान्य केलेला बरा. पण बदलीच्या नोकरीत घर बदलले तरी ही बाग सामानाबरोबर जाऊ शकते. घरातील मुलांना एका टोमॅटोमागे किती पाणी खर्ची पडते, ते प्रत्यक्ष दिसते. बाजारातून आणलेल्या भाजीमागे शेतकऱ्याचे किती पाणी आणि किती कष्ट असतील, याची कल्पनाही त्यातूनच येते. येत्या उन्हाळ्याआधी एकाच बादलीपासून, एखाद्या पालेभाजीने सुरुवात करून पाहावी. तिला धुण्याचेच पाणी पुरते असे दिसले, की मग दुसरी बादली मांडावी.