शेवटच्या घासावर आळ

रहस्यकथा म्हटली की आमच्या पिढीला बाबुराव अर्नाळकर आठवतात. झुंजार आणि काळा पहाड यांच्यासाठी घरात ओढाताण व्हायची. हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या त्या माणसानं! पण त्यांत चुलीपाशी बसून गुन्हा उलगडणारी बाई काही मला आठवत नाही.

तशी बाई भेटली ती संगमनेरला शिकणाऱ्या माझ्या भाचीमुळे. सुट्टीला आली, तेव्हा भाकरी थापता थापता तिनं अगाथा ख्रिस्तीबाईंची १९५३ सालची एक कादंबरी आम्हाला तोंडी सांगितली. 'अ पॉकेट फुल ऑफ राय' तिचं नाव. लेखिका पहिल्या महायुद्धात इस्पितळाच्या औषधखात्यात काम केलेली, त्यामुळं विषांची माहिती पक्की.

एक श्रीमंत शेटजी ऑफिसात चहा पितो आणि तडफडतो. सगळ्यांचा संशय चहावर, म्हणजे चहा करणारीवर. पण विष हळू भिनणारं. ते सकाळीच घरी न्याहारीला, संत्र्याच्या मुरंब्यातून पोटात गेलेलं! पुढं त्या घरातली एक गरीब मोलकरीणही मारली जाते. ती पूर्वी मिस मार्पल नावाच्या म्हातारीच्या हाताखाली तयार झालेली. म्हातारी ना पोलीस, ना वकील. पण आपली पोर गेली म्हणून गाडीत बसून निघते.

गोष्ट ऐकून सूनबाई गप्प झाली. कारण मला ठाऊक होतं.

तिच्या लग्नाला दोन महिने झाले होते तेव्हाची गोष्ट. दुपारी एक वाजता आम्ही वास्तुशांतीचं जेवलो, रात्री आठला सूनबाईनं पिठलं-भाकरी केली, आणि नऊ वाजता घरात उलट्या-जुलाब सुरू झाले. झालं! पिठल्यावर आळ आला. मीही बोलले, खोटं कशाला सांगू? मोठ्या जाऊबाईंनी मात्र शांतपणे विचारलं, "पिठलं खाऊन धडधाकट कोण, अन् न खाता आजारी कोण?" मामंजी दोन वेळा पिठलं घेऊन खुशाल घोरत होते. धाकटा पोरगा पिठल्याला शिवला नव्हता, तोच जास्त लोळत होता. आजारी पडलेल्या प्रत्येकानं दुपारची बासुंदी खाल्ली होती. मामंजी उपासामुळं तिकडं आलेच नव्हते.

नासलेल्या अन्नाचा त्रास कधी तासाभरात होतो, कधी सहा-आठ तासांनी, कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीसुद्धा. म्हणून अशा वेळी दोन-तीन दिवसांचं खाणं आठवावं. उरलेलं अन्न कुणाला देऊ नये, पण डॉक्टर बघेपर्यंत झाकून बाजूला ठेवावं. तोवर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ (चहाचा चमचा बरं का) घालून घोट घोट पाजावं. तान्हं मूल असेल, रक्त पडत असेल किंवा लघवी बंद झाली असेल, तर तडक दवाखाना गाठावा. आणि फवारणीच्या औषधाचा नुसता संशय असला तरी घरगुती उपाय करीत बसू नये. डबा बरोबर घेऊन निघावं.

मी सूनबाईची माफी मागितली ती दुसऱ्या दिवशी, तीही चहा पुढं करून. तिनं आधी चहाकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि हसली.

कादंबरीतला खुनी कोण, ते मी सांगत नाही. भाचीनं चौथ्या रात्री सांगितलं, तेव्हा दोन भाकरी तव्यावर करपल्या.